मीटरकाका

काकांकडे गाणं ऐकायला जायचं तर घरून पाणी पिऊन जावं, मोबाइल बंद करून जावं आणि मे महिना असेल तर जाऊच नये. नागपुरातल्या मनीषनगरच्या आमच्या गल्लीत नव्यानं राहायला येणाऱ्या प्रत्येकाला ही सूचना कुणी ना कुणी देतंच. तरीही प्रत्येक जण एकदा तरी जातोच. कारण रात्री जेवून शतपावलीला निघालं की तळमजल्याच्या खिडकीत दोन निळे चौकोन दिसतात. टीव्हीचा उजेड सारखा रंग बदलतो, हा बदलत नाही. नुसता निळा, आणि त्यात एक बारीक काटा उड्या मारत असतो. माणूस थबकतो, "हे काय आहे हो?" म्हणून विचारतो आणि त्याचे पुढचे दोन तास त्याचे राहत नाहीत.

ते चौकोन म्हणजे काकांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे वॉटमीटर. त्यावरून गल्लीनं त्यांना मीटरकाका करून टाकलं. नाव इतकं रुळलं आहे की नवे भाडेकरू विजेचं बिल घेऊन त्यांच्या दारात उभे राहतात. "काका, आमचं मीटर लय फास्ट पळून राहिलं, जरा पाहता का?" काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. विजेच्या बिलाशी त्यांचा संबंध स्वतःचं भरण्यापुरता. पण ते बिल हातात घेतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, युनिटं पाहतात आणि सांगतात, "मीटर बरोबर आहे तुमचं. कूलर दोन आहेत ना? मंग! या आत, तुम्हाला खरं मीटर दाखवतो."

आत गेल्यावर एक प्रश्न विचारायचा नसतो. तो हमखास विचारला जातो. काळ्या काचेवरचं नाव वाचून माणूस म्हणतो, "मॅकिंटॉश? म्हणजे तो कॉम्प्युटर ना?" काका डोळे मिटतात. मग शांतपणे सांगतात की ही कंपनी त्या कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. ॲपलवाल्यांनी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्तीचा घातला तरी भागलं नाही, १९८३ साली त्यांना यांच्याकडून नाव वापरायची परवानगी घ्यावी लागली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तो डबा बाजारात आला. "बाप कोण अन् पोरगं कोण, समजलं ना बाप्पा?"

इथून मॅकिंटॉशपुराण सुरू होतं. १९४९ साली फ्रँक मॅकिंटॉश नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं कंपनी काढली. लवकरच ती न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी गेली आणि अजून तिथंच आहे. काकांना कुठल्याही सनाला बांधायला आपल्याकडचा खुंटा लागतो. कंपनीचा सगळ्यात गाजलेला, एमसी २७५ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प निघाला १९६१ साली, "म्हणजे पानशेत फुटलं त्या वर्षी." वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात चिखलात बसलेल्या लाखो पोरांपर्यंत गाणं पोचवलं ते याच कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरांनी. "ऑगस्ट १९६९. इंदिराबाईंनी बँका घेतल्या ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात." आणि काकांच्या घरी आहे ते एमसी २५०५ हे मॉडेल १९६७चं, "वसंतरावांचं 'कट्यार' रंगभूमीवर आलं त्या सालचं." ऐकणाऱ्याला वाटावं, बिंगहॅम्टन हे बुटीबोरीच्या थोडं पुढे लागत असणार.

हा अ‍ॅम्प काही एकदम आला नाही. त्याआधी गणपती मंडळाचा आहुजा होता. शाळकरी वयात काकांनी मांडवामागे बसून त्याचा भोंगा सांभाळला आणि तिथंच ते बिघडले. मग भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बंगळूरचे व्हॉल्व्ह आणून स्वतः जोडलेला एक. मग मुंबईचा कॉस्मिक. मग कोलकात्याचा सोनोडाइन. बाहेरचा माल मिळणं दुरापास्त होतं त्या काळात आपल्या लोकांनी काय काय बनवलं, हे सांगताना काकांचा आवाज चढतो. यातला एकही त्यांनी विकलेला नाही. सगळे दिवाणात झोपलेले आहेत. घरी पाहुणे मुक्कामाला आले की त्यांना गादी मिळते, पण गादीखाली काय आहे ते सांगितलं जात नाही.

मॅकिंटॉश आला तो भाच्याबरोबर. भाचा न्यू जर्सीत असतो. त्यानं तिकडच्या एका म्हाताऱ्याकडून जुना घेतला आणि सुटीला येताना घेऊन आला. आख्खी एक बॅग त्यानंच खाल्ली. त्या वर्षी घरात कुणालाही चॉकलेट, सेंट, टी-शर्ट काहीही मिळालं नाही, आणि भाच्याच्या आईनं अजून काकांना पुरतं माफ केलेलं नाही. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टच्या घरातली, आपली २३०ची. काका आठवडाभर त्याला नुसते पुसत बसले होते, लावला नाही. बर्डीवर एका रिवाइंडिंगवाल्यासमोर स्टूल टाकून त्यांनी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. वेढे चुकतील म्हणून कारागिराला त्यांनी चहासुद्धा पिऊ दिला नाही म्हणतात. त्या ट्रान्सफॉर्मरच्या पिनेवर मुलीच्या नेलपॉलिशनं लाल ठिपका दिलेला आहे. लाल ठिपका आणि लाल बटण यांच्यामध्ये घरातल्या कुणाचाही हात आला की काका जिथं असतील तिथून ओरडतात. संडासातूनही.

एवढ्या राजाला जोड मिळाली आहे ती स्टीलच्या चौकोनी डब्याची. प्रीअ‍ॅम्प काकांनी घरीच जोडला, आणि त्याला धातूचं आवरण हवं म्हणून काकूंचा फराळाचा डबा उचलला. झाकणाला भोकं पाडून बटणं बसवली आहेत. दर दिवाळीला काकू शंकरपाळे तळता तळता विचारतात, "अहो, माझा डबा रिकामा होऊन राहिला का यंदा?"

आता बसण्याचं. काकांच्या हॉलमध्ये सोफा आहे, दोन खुर्च्या आहेत, पण खऱ्या अर्थानं जागा एकच. दोन स्पीकर आणि माणसाचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला पाहिजे. तो जिथं होतो तिथं फरशीवर चिकटपट्टीची फुली मारलेली आहे. सकाळी बाई पोछा मारून ती घालवते, दुपारी काका टेप घेऊन पुन्हा मारतात. या कारणावरून एक बाई काम सोडून गेली. पाहुणे पाच असले तर पाळीपाळीनं फुलीवर बसतात. उरलेले भिंतीला टेकून आपला नंबर लागायची वाट पाहतात. स्पीकरचे स्टँड म्हणजे रंगाचे रिकामे डबे, आत कन्हानची रेती, वर कडप्पा. रेती चाळून, धुऊन, गच्चीवर वाळवून भरलेली. घर बांधताना मिस्त्रीनं रेती धुतली नव्हती तेव्हा काका काही बोलले नव्हते, हे काकू आठवणीनं सांगतात.

एकदा का माणूस फुलीवर बसला की तोंडी परीक्षा सुरू होते.

"तबला कुठे आहे?"

"उजवीकडे."

"वा! अन् शाई ऐकू येऊन राहिली का?"

"शाई?"

"शाईवर बोट पडलं अन् चाटीवर पडलं, यात फरक आहे का नाही? ऐका, ऐका… हे! आता सांगा, तानपुरा कुठे?"

माणूस घाबरून म्हणतो, "डावीकडे. जरा मागे. कपाटाजवळ."

"ही रेकॉर्ड मोनो आहे," काका म्हणतात. "सगळे एकाच ठिकाणी आहेत." आणि इतके मनापासून हसतात की चिडताही येत नाही. हा सापळा त्यांनी डॉक्टरांना लावला आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीला लावला आहे, मुलीच्या होऊ घातलेल्या सासऱ्यांनाही लावला.

त्या स्थळाची गोष्ट सांगायलाच हवी. मंडळी पाहायला आली. पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलाच्या वडिलांना मानानं फुलीवर बसवलं, भीमसेनजींची एलपी लावली. वडील दोन मिनिटं मान हलवत बसले आणि म्हणाले, "छान आहे. थोडं मोठ्यानं करा ना." काकांचा चेहरा पडला. काकूंनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि समजून चुकल्या की हे काही जमत नाही. तेवढ्यात मुलगा उठला, अ‍ॅम्पच्या मागे जाऊन वाकला आणि म्हणाला, "काका, याला चार, आठ, सोळा ओहमचे वेगळे टॅप आहेत. ट्रान्झिस्टरचा आहे ना हा? मग ट्रान्सफॉर्मर कशाला?" त्यानंतर तासभर दोघं जमिनीवर पालथे पडून होते. मुलीला त्या दिवशी कुणी धड पाहिलंच नाही. लग्न मात्र झालं. आता जावई दिवाळीला येतो तो सासऱ्यांचा पाहुणा म्हणून. मुलगी म्हणते, "माझं माहेर नाहीच हे, त्याचं आहे."

जावयानं विचारलेला प्रश्न खरं तर कंपनीच्या मर्मावरच बोट ठेवणारा होता. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला स्पीकरशी जुळवून घ्यायला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतोच, आणि तिथंच आवाज बिघडतो. मॅकिंटॉश आणि त्याचा जोडीदार गॉर्डन गाऊ यांनी त्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा एकमेकींना चिकटवून एकत्र गुंडाळायची युक्ती काढली, पेटंट घेतलं, आणि कंपनी त्यावर उभी राहिली. काका हे समजावून सांगतात ते काकूंच्या लाटण्यावर. एक लाल दोरा, एक पिवळा दोरा, दोन्ही चिमटीत धरून शेजारी शेजारी गुंडाळायचे, कुठंही फट पडू द्यायची नाही. बोटं अजून सफाईदार चालतात. एवढी वर्षं केबलच्या जोड्या जुळवलेली बोटं ती. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि त्यांना तो ट्रान्सफॉर्मर लागेना. बाकीच्या कंपन्यांनी खर्च वाचला म्हणून तो काढून टाकला. यांनी मात्र ऑटोफॉर्मर या नावानं ठेवला, म्हणजे स्पीकर कितीही ओहमचा असो, अ‍ॅम्पला पुरी ताकद देता यावी. "सगळे सोडून राहिले म्हणून आपण काहून सोडायचं?" काका विचारतात. तोवर पोळ्यांचा खोळंबा झालेला असतो आणि स्वयंपाकघरातून लाटण्याची मागणी येते.

मनीषनगरात हाय-फाय गाणं ऐकायचं म्हणजे मुळात जिद्दीचं काम. वरून विमानं उतरतात, बाजूनं रेल्वे. मुंबईची असो की चेन्नईची, नागपूर सोडलेली गाडी इथूनच वर्ध्याकडे जाते. फाटक होतं तेव्हा फाटकावरच्या शिट्ट्या होत्या. मग पुलाचं काम निघालं तेव्हा जमीन अशी हादरायची की पिन एका अंतऱ्यावरून दुसऱ्या अंतऱ्यावर उडी मारायची. २०२० साली पूल झाला. सगळ्या मनीषनगरानं गाडी पाच मिनिटांत वर्धा रोडला लागते म्हणून पेढे वाटले, काकांनी पिन जागेवर राहते म्हणून वाटले. गाड्या अर्थातच राहिल्या. काकांना त्या आवाजावरून कळतात. सेवाग्राम हलकी जाते, दुरांतो घाईनं जाते, आणि मालगाडी खर्जाच्याही खालून येते. आलाप ऐन भरात असताना काका हात वर करून पिन उचलतात. "थांबा. कोळसा जाऊ द्या." सगळे स्तब्ध बसतात. छप्पन-अठ्ठावन्न वाघिणींचा कोळसा जातो. मग पिन पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्याकडे एकच आलाप चार वेळा सुरू होताना मी ऐकला आहे. दर वेळी काका तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावतात.

पण रेल्वे परवडली, कूलर परवडत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की खसच्या ताट्या लावलेला लोखंडी कूलर हेच माणसाचं खरं दैवत. त्याची घरघर मात्र तानपुऱ्याच्या वरची. म्हणून एलपी लावण्याआधी काका कूलर बंद करतात. पंखाही बंद, कारण तो टिकटिक करतो. खिडक्याही बंद, कारण बाहेर कुल्फीवाला. नवतपाच्या दुपारी एका बाजूची वीस-बावीस मिनिटं त्या हॉलमध्ये बसून ख्याल ऐकणं काय असतं, ते ज्याचं त्यानंच अनुभवावं. विलंबित संपेपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो, द्रुत सुरू होईपर्यंत डोळ्यांपुढे काजवे येतात, आणि काका विचारतात, "हवा ऐकून राहिला ना राजा? गवयाच्या आजूबाजूची हवा!" हवा हा शब्द त्या क्षणी फार लागतो. बाजू संपली की काकू कैरीचं पन्हं घेऊन उभ्या असतात. त्या मोजत नाहीत, जगच्या जग ओततात. घरात एसी आहे, नाही असं नाही. तो आतल्या खोलीत, रेकॉर्डींसाठी. उन्हानं एलपी वाकतात. माणसं वाकली तर सरळ होतात, असं काकांचं म्हणणं.

मी एकदा त्या मीटरकडे नीट पाहिलं. काटा उड्या मारतो खरा, पण कुठे? एका वॉटच्या अलीकडे. अ‍ॅम्प पन्नास वॉटचा, दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास, आणि घरात रोजचं गाणं होतं ते एका वॉटच्या आत. मी म्हटलं, "काका, मग बाकीचे एकोणपन्नास कशाला सांभाळले?"

काका माझ्याकडे दयेनं पाहत राहिले. "तिहाईसाठी!"

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते खरं आहे. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट लागतात. गवई हळूच गुणगुणतो तेव्हा दशांश वॉटसुद्धा पुरतो, पण तोच समेवर कडाडून येतो, तबल्याची थाप पडते, तेव्हा निमिषभर पाहिजे ते एकदम पाहिजे. नसलं तर अ‍ॅम्प ती लाट वरून कापतो आणि आपल्याला वाटतं गवयाचाच आवाज चिरकला. "अंगात जोर असून जो हळू बोलते ना, त्याचंच हळू बोलणं ऐकावंसं वाटते," काका म्हणाले. टेलिफोन खात्यात त्यांनी सगळी नोकरी कुणावर आवाज न चढवता केली, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. पिनेचा लाल ठिपका सोडून, अर्थात.

काकूंना या सगळ्यातलं काही नको असतं असा लोकांचा समज आहे. तो खोटा आहे. अ‍ॅम्प चालू राहिला की वरून कोमट राहतो, आणि नागपूरची थंडी म्हणजे चेष्टा नाही. डिसेंबरात विरजण लागत नाही म्हणून सगळ्या गल्लीची तक्रार असते तेव्हा काकू संध्याकाळी पातेली घेऊन येतात, मॅकिंटॉशवर चौपदरी नॅपकिन घालतात आणि पातेली ठेवतात. पहिल्यांदा काका हादरले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दही चाखलं. आता उलट तेच आठवण करून देतात, कारण दही लागायचं म्हणजे अ‍ॅम्प रात्री उशिरापर्यंत चालू ठेवावा लागतो, आणि चालू ठेवायचा म्हणजे काहीतरी लावावंच लागतं. "मारव्यानं आंबट होते, यमनानं बरोबर लागते," काका म्हणतात. काकूंच्या मते सगळ्यानं सारखंच लागतं. नॅपकिन मात्र ओला नको.

मला काकांचं सगळ्यात आवडतं ते रविवार सकाळचं क्लिनिक. हीसुद्धा मूळ बिंगहॅम्टनची कल्पना. १९६२पासून १९९१पर्यंत मॅकिंटॉशचा माणूस मोजमापाची यंत्रं गाडीत घालून गावोगावच्या दुकानांत जायचा. कुणीही आपला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यावं, कुठल्याही कंपनीचा असो. तो फुकट तपासायचा आणि निकाल आलेखावर काढून हातात द्यायचा. आपला निघाला आणि बिघडलेला असला तर तिथंच दुरुस्त, तेही फुकट. तीस वर्षं हे चाललं. काकांना हे कळलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. इतरांचा माल फुकट तपासणारी कंपनी! त्यांनी पोर्चमध्ये टेबल टाकलं, मल्टीमीटर ठेवला, सोल्डरिंग गन तापवली आणि पाटी लावली : 'अ‍ॅम्प्लिफायर तपासून मिळेल. मोफत.'

मनीषनगरात अ‍ॅम्प्लिफायर किती असणार? आले मिक्सर. आल्या इस्त्र्या, आजोबांचे ट्रान्झिस्टर, बोलणारी बाहुली, भजनी मंडळाचा माइक, एका आजीचं श्रवणयंत्र. पहिल्या रविवारी काकांनी पाटीकडे बोट दाखवून सगळ्यांना परत पाठवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या रविवारी सोडून दिला. आता प्रत्येकाला आलेखाच्या कागदावर रिपोर्ट मिळतो, बारीक टेलिफोन खात्याच्या अक्षरात : 'मिक्सर. कार्बन ब्रश झिजलेला. बदलला. चटणी चार दिवस नको.' गणपतीत मंडळाच्या पोरांच्या साउंडमधून घूंऽऽ असा हम येतो तेव्हा तीच पोरं, जी वर्षभर काकांची नक्कल करतात, ती रात्री दहाला बोलवायला येतात. काका दिवाणातून आहुजा काढतात, अर्थिंग एकाच ठिकाणी आणतात, हम जातो. आरती स्वच्छ ऐकू येते. मग काका पोरांना सांगतात, "बेस कमी करा रे, देव बहिरा नाही." पोरं हो म्हणतात आणि काका वळले की वाढवतात.

काकांचं त्या कंपनीवर एवढं प्रेम का, हे मला त्या पोर्चमध्ये कळलं. आवाजाची गोडी आहेच, पण ती निमित्त. एकदा विकलेली वस्तू जो विसरत नाही, पन्नास वर्षांनीसुद्धा ती उघडता येते, स्क्रू फिरतात, आतला भाग बदलता येतो, असं कुणीतरी जगात आहे याचा त्यांना आधार वाटतो. एमसी २७५ कंपनीनं १९७३ला बंद केला आणि १९९३ला पुन्हा आणला, हे सांगताना ते भावाला नोकरीवर परत घेतल्याच्या सुरात सांगतात. आपला फोन, आपला टीव्ही, आपलं सगळंच 'नवीन घ्या, हे आता होत नाही' असं सांगायला शिकलेलं आहे. काका ते वाक्य बोलत नाहीत. मिक्सरलाही बोलले नाहीत.

म्हणूनच नोव्हेंबर २०२४मध्ये बोस कंपनीनं मॅकिंटॉश विकत घेतल्याची बातमी आली तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. तशी मालकी आधीही बदलली होती. १९९०ला जपानी क्लॅरियननं घेतली होती, ते काकांनी पचवलं होतं. पण बोस! हाय-फायवाल्यांच्या पंक्तीत बोसला पाट मिळत नाही, ताट लांबून सरकवतात. दोन दिवस निळे चौकोन दिसले नाहीत. गल्ली चौकशीला येऊन गेली. एकानं काकूंना हळूच विचारलं, "मीटर कापलं का?" तिसऱ्या दिवशी दिवे लागले आणि काका स्वतः बाहेर येऊन उभे राहिले. रात्रभर विचार करून त्यांनी मार्ग काढला होता. बोस कंपनी काढणारे अमर बोस जन्मले अमेरिकेत, पण त्यांचे वडील कलकत्त्याचे, स्वातंत्र्यलढ्यातले, इंग्रजांच्या तावडीतून निसटून तिकडे गेलेले. "अन् आपला सोनोडाइन कुठचा? कलकत्त्याचाच, १९७०चा! म्हणजे फिरून घरातच आलं ना बाप्पा." एवढं बोलून त्यांनी सोनोडाइनलाही दिवाणातून बाहेर काढून तासभर हवा खाऊ घातली.

आता काकांना एकच काळजी आहे, वारसाची. मुलीच्या घरी जागा नाही, म्हणजे ती तसं म्हणते. जावई तयार आहे, पण तो पुण्याला राहतो आणि तिथं थंडी-ऊन दोन्ही बेताचं, अ‍ॅम्पला सवय नाही, असा काकांचा आक्षेप. गल्लीतल्या पोरांची चाचणी घेऊन झाली. येणारा प्रत्येक जण विचारतो, "काका, केवढ्याला पडला?" असं विचारलं की तो बाद. गेल्या क्लिनिकला समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची चौथीतली पोरगी आपला मुका पडलेला ब्लूटूथ स्पीकर घेऊन आली. स्पीकर दुरुस्त झाल्यावरही ती हलेना. खिडकीतून आत पाहत म्हणाली, "काका, तो निळा आतून कसा आहे?"

काकांनी त्याच दिवशी झाकण उघडलं. दुपारभर दोघं त्यात डोकं घालून बसले. काकूंनी दोघांना तिथंच वरण-भात नेऊन दिला. संध्याकाळी आलेखाच्या कागदावर काकांनी तिचं नाव लिहून ते झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "द्या की. पण तिची बारावी होऊ द्या आधी. अन् दह्याचं काय ते लिहा त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी पोरीची आई आली, जरा काळजीत. इतकी जड वस्तू, आमच्या शोकेसला पेलेल का? काका टेप घेऊन लगेच वर गेले, शोकेस मोजली, प्लायवूड चालणार नाही म्हणाले आणि कडप्प्याचा मिस्त्री पाठवून दिला. अ‍ॅम्प त्या घरी जायला अजून कितीतरी वर्षं आहेत. कडप्पा मात्र बसला. परवा सत्यनारायणाला मी त्यांच्याकडे गेलो तर हॉलच्या मधोमध फरशीवर चिकटपट्टीची एक फुली होती. चौरंग तिच्या बाजूला सरकवून मांडला होता, आणि भटजी त्यामुळे पश्चिमेला तोंड करून बसले होते.